रहस्य सुटलं नाही, तर लेख संपवायचा कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नऊ वर्षांत तुम्ही बारा दीर्घ लेख लिहिलेत: बेपत्ता झालेली माणसं, न उलगडलेले मृत्यू, आणि अशा प्रकरणांच्या मागे आयुष्य घालवणारे लोक. आता त्यांचा संग्रह करायचा आहे. प्रकाशक म्हणतात, प्रत्येक लेखाच्या शेवटी निदान लेखकाचा कौल तरी यायला हवा, नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं वाटेल. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही विचारलंय की आपण स्वतःच या प्रकरणांनी झपाटले गेलोय का, हे ओळखायचं कसं?

मी तीसेक वर्षं असे लेख लिहीत आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांचे संपादित करत आले. माझ्या मते तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत.

प्रकाशकांचं या बाबतीत ऐकू नका. उत्तर मिळालं नाही म्हणून वाचक चिडत नाही. तपास नेमका कुठे येऊन अडला, कोणत्या कागदापाशी, कोणत्या साक्षीदारापाशी, हे त्याला दाखवलं नाही, की तो चिडतो. "हे गूढ कायमचं काळाच्या पडद्याआड गेलं" असं वाक्य लेखाच्या शेवटी आलं, की मला कळतं, बातमीदाराने काम अर्धवट सोडलंय. न सुटलेल्या प्रकरणालासुद्धा कडा असते. तिथपर्यंत वाचकाला चालवत न्यायचं आणि तिथेच थांबायचं. ती कडा शोधायला कधीकधी खुनी शोधण्याइतकेच कष्ट पडतात.

लेखकाने कौल द्यावाच, या आग्रहाची मला एवढी धास्ती का वाटते, ते एका "सुटलेल्या" प्रकरणावरून सांगते. टेक्सासमधल्या कॉर्सिकाना गावात २३ डिसेंबर १९९१ ला एका लाकडी घराला आग लागली. तीन लहान मुली गेल्या. वडील, कॅमरून टॉड विलिंगहॅम, तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि तो जिवंत बाहेर आला. आगीचे तपासनीस घरात गेले आणि त्यांनी जळक्या जमिनीवरचे डाग "वाचले". कोणीतरी ज्वालाग्राही द्रव ओतला की जमिनीवर ओघळाच्या आकाराचे डाग पडतात, असं त्यांना शिकवलेलं होतं. खिडकीच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्या. त्याचा अर्थ, आग नैसर्गिक नसून द्रवामुळे भडकलेली, असंही त्यांना शिकवलेलं होतं. आग एकाहून अधिक ठिकाणी लावली, असा निष्कर्ष निघाला. १९९२ मध्ये खटला झाला. गुन्हा कबूल केलास तर जन्मठेपेवर निभावेल, असा प्रस्ताव त्याच्यापुढे ठेवला होता. त्याने तो नाकारला आणि त्याला मृत्युदंड झाला.

आता मी जे सांगते ते त्या काळातल्या कोणत्याही बातमीदाराला शोधता आलं असतं, म्हणून ते मला जास्त लागतं. जवळपास त्याच सुमारास फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे अशाच एका जळिताचा खटला उभा राहत होता. सरकारी पक्षाच्याच तज्ज्ञांनी ठरवलं, आरोपी म्हणतो तसं घडू शकतं का ते पाहू. शेजारचं, जवळजवळ तसंच, पाडायला काढलेलं घर त्यांनी मिळवलं, तसंच सामान भरलं आणि फक्त सोफ्याला आग लावली. पाच मिनिटांच्या आत खोलीचा "फ्लॅशओव्हर" झाला. म्हणजे असं, की छताखाली साचलेला तापलेला वायू इतकी उष्णता खाली फेकतो की एका क्षणी खोलीतली प्रत्येक वस्तू एकदम पेट घेते, जमीनसुद्धा. आग विझल्यावर त्या जमिनीवर ओघळाचे डाग होते. कोणीही काही ओतलेलं नव्हतं. काचेच्या चिरांचंही तसंच झालं. ओकलंडच्या टेकड्यांवर १९९१ मध्ये जो वणवा पेटला, त्यात जळालेली घरं तपासताना दिसलं, की तापलेल्या काचेवर बंबाचं गार पाणी पडलं की तशा चिरा पडतात.

विलिंगहॅमच्या मृत्युदंडाच्या तारखेच्या काही दिवस आधी जेराल्ड हर्स्ट या रसायनशास्त्रज्ञाने सगळे कागद पाहून लेखी कळवलं, की आग लावल्याचा एकही पुरावा शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. १७ फेब्रुवारी २००४ ला शिक्षा अमलात आणली गेली. २००९ मध्ये टेक्सासच्या न्यायवैद्यक आयोगाने नेमलेल्या क्रेग बेलर या तज्ज्ञानेही तेच सांगितलं.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शेजाऱ्यांच्या जबाबांचं. सुरुवातीच्या जबाबांत तो माणूस ओरडत होता, वेडापिसा झाला होता, असं आहे. संशय त्याच्यावर गेल्यानंतरच्या जबाबांत तोच माणूस थंड वाटायला लागला, मुलींपेक्षा गाडीची काळजी करणारा झाला. ह्यूस्टनची एक शिक्षिका तुरुंगातल्या कैद्याला पत्र लिहिण्याच्या उपक्रमातून त्याच्याशी जोडली गेली आणि कुतूहलापोटी तिने ते कागद मागवून वाचले. जबाब कसे सरकत गेले ते तिला दिसलं. ती ना वकील होती, ना पत्रकार. तारखेप्रमाणे जबाब एकाखाली एक लावून वाचायचे, एवढंच तिने केलं. बारा लेखांचा संग्रह करताना प्रत्येक प्रकरणात एकदा तरी हे करा. आठवण नंतरच्या माहितीकडे झुकते, आणि झुकलेली आठवण सांगणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगत असतो.

तर या प्रकरणात रहस्य कुठलं? "आग कोणी लावली?" हा प्रश्न घेऊन लिहायला बसलात तर तुम्ही आधीच चुकलात, कारण आग कोणी लावली होती का, हेच सिद्ध झालेलं नाही. प्रश्न एक पायरी मागे नेला की लेखाचा सगळा नूर बदलतो. तुमच्या बारापैकी निदान चार लेखांत मला ही पायरी चढायच्या आधीच प्रश्न विचारलेला दिसला.

न्यायव्यवस्थेलासुद्धा "माहीत नाही" म्हणायची सोय असते, हे तुमच्या प्रकाशकांना सांगा. इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर करतो आणि पुरावा पुरेसा नसेल तर तो "खुला निर्णय" देतो. खून नाही, आत्महत्या नाही, अपघात नाही. सांगता येत नाही. रिचर्ड लॅन्सलिन ग्रीन हे शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉइल यांच्या कागदपत्रांचे जगातले अव्वल जाणकार. २००४ च्या मार्चमध्ये ते लंडनच्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडले. डॉइल यांच्या कागदपत्रांचा मोठा लिलाव त्या वर्षी व्हायचा होता आणि तो थांबावा म्हणून ते धडपडत होते. आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय असं ते शेवटच्या दिवसांत मित्रांना सांगत. कॉरोनरने खुला निर्णय दिला.

त्या प्रकरणात एक तपशील आहे, तो मी नवीन बातमीदारांना नेहमी सांगते. त्यांच्या घरी फोन लावल्यावर उत्तरयंत्रावर त्यांच्या आवाजाऐवजी एका अनोळखी अमेरिकन माणसाचा आवाज आला. आधी त्यांनी एका अमेरिकन माणसाबद्दलच भीती बोलून दाखवलेली. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल नाहीतर काय. प्रत्यक्षात ते यंत्र अमेरिकेत बनलेलं होतं आणि स्वतःचा संदेश पुसला गेला की कारखान्यातून भरून आलेला आवाज वाजत असे. आता विचार करा, हा खुलासा मिळण्याआधी लेख छापला असता तर? अनोळखी आवाज हा त्या लेखाचा कळसबिंदू ठरला असता. म्हणून जो तपशील तुम्हाला सगळ्यात जास्त आवडलाय, त्याचीच तपासणी सगळ्यात आधी करा. तो आवडला म्हणूनच तुम्ही त्याला प्रश्न विचारलेले नसतात.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

आपल्या भाषेत या अवस्थेला किती शब्द आहेत बघा: ध्यास, नाद, छंद, वेड, खूळ, झपाटलेपण. एकाच माणसाबद्दल घरचे "खूळ" म्हणतात, मित्र "नाद" म्हणतात आणि तो स्वतः "काम" म्हणतो. मुलाखतीला गेलात की हे शब्द कोण कोणता वापरतं ते जसंच्या तसं टिपून घ्या. माणूस कुठे उभा आहे ते त्यातून कळतं, आणि "झपाटलेला" हे विशेषण तुम्हाला स्वतःहून लावावं लागत नाही. तुमच्या हस्तलिखितात ते चाळीसहून अधिक वेळा आलंय. मी मोजलं.

ध्यासाने पुरावा कसा वाकतो याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. १ डिसेंबर १९४८ च्या सकाळी ॲडलेडजवळच्या सोमर्टन किनाऱ्यावर नीटनेटक्या कपड्यातला एक पुरुष मृतावस्थेत सापडला. ओळखपत्र नाही, कपड्यांवरची लेबलं काढलेली. काही महिन्यांनी त्याच्या पँटच्या एका चोरखिशात कागदाची बारीक गुंडाळी सापडली. त्यावर दोन फारसी शब्द छापलेले होते, "तमाम शुद", म्हणजे संपलं. तो तुकडा उमर खय्यामच्या रुबायांच्या एका प्रतीच्या शेवटच्या पानाचा निघाला. ती प्रत सापडली, तिच्यात अक्षरांच्या काही ओळी होत्या, सांकेतिक लिपीसारख्या, आणि जवळच राहणाऱ्या एका परिचारिकेचा फोन नंबर. शीतयुद्ध नुकतंच सुरू झालेलं. हेर, विष, गुप्त संदेश: सत्तर वर्षं हेच लिहिलं गेलं.

ॲडलेड विद्यापीठातले प्राध्यापक डेरेक ॲबट यांनी हे प्रकरण हातात घेतलं ते सांकेतिक लिपीसाठी. मग कानाच्या ठेवणीवरून आणि दातांवरून त्यांना वाटायला लागलं, की त्या परिचारिकेचा मुलगा या मृत माणसापासून झालेला असावा. त्या मुलाची मुलगी त्यांनी शोधून काढली. पुढे त्या दोघांचं लग्न झालं. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलांच्या रक्तात या रहस्याचं उत्तर असण्याची शक्यता होती. याहून अधिक ओढ कोणत्याही संशोधकाला असू शकेल?

आणि मग २०२२ मध्ये काय झालं? पोलिसांनी १९४९ मध्ये मृताच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा केला होता, त्यात अडकलेल्या केसांमधून डीएनए मिळाला. कोलीन फिट्झपॅट्रिक या वंशावळ-तज्ज्ञांच्या मदतीने ॲबट यांनी नाव जाहीर केलं: कार्ल वेब, जन्म १९०५, मेलबर्नचा, विद्युत अभियंता आणि उपकरणं बनवणारा. परिचारिकेच्या कुटुंबाशी त्याचं रक्ताचं नातं निघालं नाही. ॲबट यांची कित्येक वर्षांची आवडती अटकळ त्यांच्याच हाताने पडली, आणि त्यांनी ती पडली म्हणून जाहीर केलं. ध्यास असलेल्या माणसाचा मान मी इथे राखते. त्याची म्हणून सापडलेल्या सूटकेसमधल्या कपड्यांवर "कीन" हे आडनाव होतं, त्यावरून केवढे तर्क झालेले. वेबच्या एका बहिणीच्या नवऱ्याचं आडनाव कीन होतं. मेव्हण्याचे जुने कपडे असावेत. जगातल्या बहुतेक गूढांच्या तळाशी असलंच काहीतरी घरगुती निघतं.

पोलिसांनी त्या वेळी लगेच शिक्कामोर्तब केलं नाही. आणि तो मेला कशाने, ॲडलेडला का आला, हे नाव कळूनही कळलेलं नाही. तुम्ही यावर लिहिलंत तर लेख नावापाशी संपवू नका. नाव हे अर्ध्यातलं स्टेशन आहे.

आता ओळखायचं कसं ते. माझ्याकडे एकच कसोटी आहे आणि ती मला महागात शिकायला मिळाली. घरातून निघून गेलेल्या एका माणसाच्या गोष्टीमागे मी चार वर्षं होते. त्याच्या बहिणीने मला सगळे कागद दिले, दर महिन्याला आमचं बोलणं व्हायचं. माझ्या मनात घटनाक्रम पक्का झाला होता: तो त्याच रात्री गेला, दुसऱ्या दिवशी जिवंत नव्हता. एका ट्रकचालकाने मला सांगितलं होतं, की मी त्याला दोन दिवसांनी पाहिलं. मी ते ऐकलं, मान हलवली आणि टिपणवहीत लिहिलंच नाही. खोडलं नाही, दडवलं नाही. हात चाललाच नाही. लेख संपादकांकडे गेल्यावर त्यांनी विचारलं, शेवटचं कोणी पाहिलं, आणि उत्तर देताना मला तो ट्रकचालक आठवला. त्या दिवशी मी ते प्रकरण दुसऱ्या बातमीदाराच्या हवाली केलं.

म्हणून तुम्ही तुमच्या बारा वह्या काढा आणि प्रत्येकीत, तुमच्या समजुतीच्या विरुद्ध जाणारी शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा. ती लेख छापून येण्याच्या वर्षभर आधीची असेल, तर त्या शेवटच्या वर्षात तुम्ही माहिती गोळा करत नव्हता, दुजोरा गोळा करत होता.

झपाटणं वाईटच, असं मात्र मी म्हणत नाही. त्याशिवाय ही कामं होतच नाहीत. राक्षसी स्क्विड, म्हणजे खोल समुद्रातला महाकाय माकूळ, घ्या. १८५७ मध्ये डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ यापेटस स्टीनस्ट्रुप यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं तो बहुतेक मेलेला नाहीतर मरायला टेकलेलाच मिळत होता: किनाऱ्यावर वाहून आलेला, नाहीतर व्हेलच्या पोटात. न्यूझीलंडचे स्टीव्ह ओशे त्याची पिल्लं पकडून टाकीत वाढवायच्या मागे लागले. ती जगेनात. जपानच्या त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी व्हेल कुठे जमतात ते पाहून ओगासावारा बेटांजवळ सुमारे ९०० मीटर खोल आमिष आणि कॅमेरा सोडला. ३० सप्टेंबर २००४ ला स्क्विड आला, हुकात अडकला, चार तासांहून जास्त झटापट करत राहिला आणि एक लांब शुंड तुटली तेव्हा सुटला. पाचशेहून अधिक छायाचित्रं मिळाली. २०१२ मध्ये त्याच समुद्रात कुबोदेरा, ओशे आणि एडिथ विडर एकाच जहाजावर होते. विडर यांचा अंदाज असा, की आपल्या पाणबुड्यांचे दिवे आणि आवाजच त्याला पळवून लावत असावेत. त्यांनी खोल पाण्यातल्या प्राण्यांना न दिसणारा लाल प्रकाश वापरला आणि जेलीफिशसारखं चमकणारं खोटं आमिष लावलं. जिवंत स्क्विडचं खोल समुद्रातलं चित्रण मिळालं. शोधणारा स्वतःच शोधाच्या आड येत होता, हे कळायला इतकी वर्षं गेली.

यावर लिहायचं तर मी ओशेंवर लिहीन. ज्याला आधी सापडलं त्याची बातमी होते. ज्याच्या टाकीतली पिल्लं मरत राहिली आणि जो तरी त्या जहाजावर चढला, त्याचा लेख होतो.

द्यात्लोव खिंडीवरच्या तुमच्या लेखाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो मला संग्रहात हवाच आहे आणि आत्ता आहे तसा नको आहे. फेब्रुवारी १९५९, उत्तर उरल पर्वत, इगोर द्यात्लोवच्या नेतृत्वाखाली नऊ अनुभवी गिर्यारोहक. तंबू आतून फाडलेला, माणसं अर्धवट कपड्यांत, काही अनवाणी, शून्याखालच्या थंडीत उतारावरून खाली गेलेली. सहा जण गारठून गेले, तिघे जबर आंतरिक दुखापतींनी. सोव्हिएत चौकशीने "अनावर नैसर्गिक शक्ती" असं कारण देऊन फाइल बंद केली. असा शब्दप्रयोग म्हणजे अफवांना उघडं दार, आणि तुमच्या लेखाचा दोन तृतीयांश भाग त्या अफवांनीच भरला आहे. तो कापा. योहान गोम आणि अलेक्झांडर पुझरिन यांचा २०२१ चा शोधनिबंध तुम्ही एका ओळीत उरकलाय, तो वाढवा. हिमस्खलन शक्य नाही, कारण उतार पुरेसा तीव्र नव्हता, ही जुनी हरकत होती. त्यांनी दाखवलं की बर्फाखालचा खरा उतार दिसतो त्याहून तीव्र होता. तंबूसाठी उतार कापल्यावर लगेच काही झालं नाही, ही दुसरी हरकत. त्यांच्या गणितानुसार वाऱ्याने वरून बर्फ आणून टाकत राहिल्यास कित्येक तासांनी एक छोटा, टणक थर सुटू शकतो. झोपलेल्या माणसांच्या बरगड्या मोडायला तेवढा पुरतो. तो कसा आदळेल हे मांडताना त्यांनी एका ॲनिमेशनपटासाठी लिहिलेल्या बर्फाच्या संगणकीय प्रणालीचा आणि मोटारींच्या अपघात-चाचण्यांतल्या जुन्या मोजमापांचा आधार घेतला.

आणि हेही लिहा, की त्या दोघांनी सगळं सुटलं असा दावा केलेला नाही. तंबू सोडल्यानंतरचे तास त्यांच्या गणितात नाहीत. इथे तुमच्या लेखाची कडा आहे: थर सुटू शकतो इथपर्यंत भौतिकशास्त्र, आणि त्यापुढे नऊ माणसं अंधारात काय बोलली असतील, ते कोणालाच ठाऊक नाही.

भाषेचं एक सांगते, कारण इथे मराठी आपल्याला फार मोठी मदत करते आणि आपण ती नाकारतो. "तो घरातून निघाला." "तो घरातून निघाला असावा." "तो घरातून निघाला म्हणे." "तो घरातून निघाला असणार." चार वाक्यं, खात्रीच्या चार पायऱ्या. पहिल्यासाठी कागद किंवा डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हवा. दुसरं तुमचं अनुमान. तिसरं ऐकीव. चौथं म्हणजे तुम्ही हट्टाला पेटलाय. संपादन करताना मी पेन्सिल घेऊन फक्त क्रियापदं वाचते. तुमच्या पाचव्या लेखात पहिल्या पानावर "असावा" आहे, तिसऱ्या पानावर तीच गोष्ट "असणार" झाली आणि नवव्या पानावर नुसती "होता". मधल्या पानांत एकही नवा पुरावा आलेला नाही. वाचकाला हे दाखवता येणार नाही, पण त्याला जाणवतं.

पोलंडच्या प्रकरणावरचा लेख चांगला आहे, फक्त तोल चुकलाय. क्रिस्तियान बाला याने कादंबरी लिहिली, तपास अधिकाऱ्याला त्या कादंबरीत खऱ्या खुनाचे पडसाद दिसले, हे सगळ्यांना खेचून घेतं. पण २००७ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली त्यामागे मृताचा मोबाइल त्याने इंटरनेटवरच्या लिलावात विकला होता ही नोंद आणि एका फोनकार्डावरचे कॉल, असा रुक्ष पुरावा होता. कादंबरीने अधिकाऱ्याला दिशा दाखवली, पुरावा फोनने दिला. जागा त्या प्रमाणात द्या.

क्रमाबद्दल. कालानुक्रम नको. सुरुवातीला असा लेख ठेवा, ज्यात सुटलंय असं वाटणारं प्रकरण सुटलेलं नसतं. म्हणजे वाचक पुढचे सगळे लेख सावध होऊन वाचेल. मला विचाराल तर बूर्दँवरचा. फ्रेडेरिक बूर्दँ हा फ्रेंच तरुण १९९७ मध्ये टेक्सासमधल्या एका बेपत्ता मुलाचं सोंग घेऊन त्या मुलाच्या घरी राहिला, डोळ्यांचा रंगसुद्धा जुळत नसताना. तो पकडला गेला, गोष्ट पूर्ण झाली, असं वाटतं. पण तो मुलगा १९९४ पासून बेपत्ता होता आणि नंतरही मिळाला नाही. तोतयाची गोष्ट इतकी जबरदस्त आहे की मूळ पोर तिच्याखाली दिसेनासं होतं. तुम्ही शेवट तोतयाच्या मुलाखतीवर केलाय. तो मुलावर आणा.

जुने लेख नव्याने लिहू नका. त्या वेळी काय माहीत होतं याचा तोही एक दस्तऐवज आहे. प्रत्येकाखाली ताजा कलम द्या: छापून आल्यानंतर काय कळलं, माझं काय चुकलं, कोण वारलं, कोणी फोन करून काय सांगितलं. दोन ओळी असोत की दोन पानं. ज्या लेखाखाली लिहिण्यासारखं काहीच नाही, त्या लेखातल्या माणसांना तुम्ही नंतर भेटलाच नाहीत असा त्याचा अर्थ होईल, तर आधी भेटून या. बंगल्यातल्या भुतावळीवरचा दुसरा लेख आणि खजिन्याच्या नकाशावरचा दहावा, दोन्ही वगळा. त्यांत माणूस नाही.

राहिला सातवा. त्यात तुम्ही कुठेही आरोप केलेला नाही. फक्त शेवटच्या तीन परिच्छेदांत मृताच्या भागीदाराबद्दल चार खऱ्या गोष्टी एकापाठोपाठ ठेवल्यात आणि म्हटलंय, "निष्कर्ष वाचकांनीच काढावा." तो निष्कर्ष तुम्हीच काढलाय, फक्त सही वाचकाची घेताय. त्या माणसावर कधी गुन्हा दाखल झालेला नाही. तो हयात आहे, त्याच गावात राहतो, आणि तुमच्या वहीनुसार तुम्ही त्याला एकदाही भेटलेला नाहीत. काही वर्षांपूर्वी तो लेख एका मासिकात येऊन गेला. आता तो पुस्तकात येईल आणि ग्रंथालयात राहील. ते तीन परिच्छेद काढा, त्याला पत्र लिहा, भेटायला जा. तो नाही म्हणाला तर तसं छापा. बोलायला तयार झाला, तर पुस्तक सहा महिने पुढे ढकला.